मुलाला आधी सांगा

लहान मुलाला दवाखान्यात नेताना घरातली सगळीच माणसं खोटं बोलतात. बागेत जायचंय, मामाकडे जायचंय, डॉक्टरकाका नुसतं बघणार आहेत, काही म्हणजे काही दुखणार नाही. हे खोटं प्रेमापोटी असतं आणि ते फार तर दवाखान्याच्या दारापर्यंत टिकतं. सुई दिसली की मुलाला दोन गोष्टी एकदम कळतात. एक, आता दुखणार आहे. दोन, आईबाबांनी आपल्याला फसवलं. पहिली गोष्ट अर्ध्या मिनिटात संपते. दुसरी मात्र पुढच्या प्रत्येक खेपेला मुलाबरोबर दवाखान्यात येते. मग कधी खरोखरच नुसतं तपासायला नेलं, तरी मूल रिक्षातून उतरायला तयार होत नाही.

या पुस्तकाचा विषय ही दुसरी गोष्ट आहे. रक्त काढणं, सलाईन लावणं, टाके, प्लास्टर, एक्स-रे, एमआरआय, भूल देऊन केलेलं ऑपरेशन आणि महिनोन्महिने चालणारे उपचार, या सगळ्यासाठी आईबापांनी मुलाची तयारी कशी करायची, हे त्यात आहे. मराठीत बालसंगोपनावर पुष्कळ लिहिलं गेलं. बाळाचा आहार, लसींचं वेळापत्रक, अभ्यास, शिस्त, मोबाइल या सगळ्यांवर आपल्याकडे पुस्तकं आहेत. पलंगावर झोपवलेल्या, हाताला नळी लावलेल्या मुलाच्या मनात काय चाललं असेल, याला त्यात फार थोडी जागा मिळाली. आजार डॉक्टरांचा आणि मन घरचं, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. त्या दोहोंच्या मधल्या वेळात मूल एकटं पडतं.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात हे एकटेपण जास्त आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. गंमत अशी, की या पट्ट्याच्या उद्योगाची सुरुवात औषधापासून झाली. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पुढच्या वर्षी तिथून पेनिसिलिन बाहेर पडू लागलं. पेनिसिलिनच्या इंजेक्शनने तेव्हाची कितीतरी मुलं वाचली. मग टेल्को आली, बजाज आली, एमआयडीसीचे ब्लॉक पडले. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महापालिका, आणि २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सव्वासतरा लाखांवर गेली. पुढे नाशिक रस्त्याने चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी इथे मोटारींचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. लातूर, बीड, नांदेड, बुलढाणा, जळगावची आणि आता बिहार, उत्तर प्रदेशचीही तरुण जोडपी इथे एका-दोन खोल्यांत संसार मांडून बसली.

या संसारात आजी नसते. ती गावी शेताकडे असते, नाहीतर थोरल्या भावाकडे. ताप चढला तर कपाळावर कसली पट्टी ठेवायची, हे सांगणारं माणूस फोनवर आहे, पण रात्री दोन वाजता मुलाला मांडीवर घ्यायला घरात नाही. बाप सेकंड शिफ्टला. कित्येक प्लॅन्टमध्ये मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो, त्यामुळे मुलाला अॅडमिट केल्याचं त्याला शिफ्ट सुटल्यावर कळतं. कंत्राटी कामगार असेल तर एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार गेला. त्यामुळे दवाखान्यात बहुतेक वेळा एकटी आई असते. तिला धाकटं पोरही सांभाळायचं असतं, आणि समोरच्या सिस्टर कोणत्या भाषेत बोलतील, याचाही नेम नसतो.

दवाखाने इथे कमी नाहीत. संत तुकारामनगरमधलं महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, सगळ्यांच्या तोंडी वायसीएम, १९८९ साली सुरू झालं. ते साडेसातशे खाटांचं आहे. मोहननगरला कामगार विम्याचं रुग्णालय आहे. भोसरी, आकुर्डी, थेरगावला पालिकेची रुग्णालयं आहेत, चाकणला ग्रामीण रुग्णालय आहे आणि खासगी तर चौकाचौकात. यंत्रं आहेत, तज्ज्ञ आहेत, योजना आहेत. मुलाशी पाच मिनिटं बोलायचं काम मात्र यांतल्या कुणाच्या कामाच्या यादीत धड लिहिलेलं नसतं. डॉक्टरांना वाटतं सिस्टर सांगतील, सिस्टरना वाटतं आईने सांगितलं असेल, आणि आईला कुणीच काही सांगितलेलं नसतं.

याच पट्ट्यातल्या कुठल्याही बऱ्या कारखान्यात नवा मुलगा कामाला लागला, तर त्याला थेट मशिनवर उभं करत नाहीत. आधी सेफ्टी ट्रेनिंग होतं, शिफ्टच्या तोंडाशी सुपरवायझर टूलबॉक्स टॉक घेतो, मशिनशेजारी कामाच्या पायऱ्या लिहिलेला तक्ता लावलेला असतो. काय होणार, कुठला आवाज आला तर घाबरायचं नाही, कुठला आला तर थांबायचं, हे आधी सांगितल्याने अपघात टळतात, हे इथल्या प्रत्येक कामगाराला पाठ आहे. तोच कामगार आपल्या पाच वर्षांच्या मुलाला एक शब्दही न सांगता ऑपरेशन थिएटरच्या दारात सोडतो. त्याला मुलाची काळजी नसते, असं नाही. मुलालाही असं सांगायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून मुलाची तयारी आईबापांच्या तयारीपासून सुरू होते. या पुस्तकाचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे.

मुलाची आधी तयारी करावी, हा विचार जगात तरी कुठे फार जुना आहे? शंभर वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या रुग्णालयांत मूल दाखल केलं, की आईबापांना घरी पाठवून देत. भेटायची मुभा आठवड्यातून एखादा दिवस, तीही तासाभराची. आई आली की मुलं रडतात, गेली की शांत होतात, तेव्हा आईने न येणंच बरं, असा हिशेब होता. इंग्लंडात न्यूकॅसलला जेम्स स्पेन्स या डॉक्टरांनी १९२०च्या दशकात तान्ह्या बाळांबरोबर आयांनाही दाखल करून घ्यायला सुरुवात केली. पण तो अपवादच राहिला.

हा हिशेब मोडला तो जेम्स रॉबर्टसन यांनी. दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये मनोविश्लेषक अॅना फ्रॉइड यांनी घरापासून तुटलेल्या मुलांसाठी पाळणाघरं चालवली होती. तिथे रॉबर्टसन बॉयलर सांभाळायच्या कामाला होते. अॅना फ्रॉइड यांची शिस्त अशी होती, की संस्थेतल्या प्रत्येकाने, मग तो बॉयलरवाला का असेना, मुलं काय करतात हे पाहून टिपून ठेवायचं. त्या टिपणांतून रॉबर्टसन यांना मुलं वाचता यायला लागली. पुढे ते मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्याबरोबर काम करू लागले, आणि १९५२ साली त्यांनी एक मूकपट तयार केला. अडीच वर्षांची एक मुलगी बेंबीच्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस रुग्णालयात एकटी राहते, एवढीच त्याची गोष्ट. मूल 'शांत झालं' म्हणजे सावरलं असं नसतं, ते आतून खचत गेलेलं असतं, हे त्यात डोळ्यांना दिसत होतं. डॉक्टर मंडळी चिडली. पण १९५९ साली सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने ब्रिटिश सरकारला अहवाल दिला, त्यात आईबापांना मुलाजवळ येण्याची मुभा द्यावी आणि लहान मुलांबरोबर आईला राहू द्यावं, अशी शिफारस होती. ती प्रत्यक्षात आणायला पालकांच्या संघटनांना पुढे बरीच वर्षं झगडावं लागलं.

मला बॉयलरवाल्याची ही गोष्ट या पट्ट्यासाठी मोलाची वाटते. मुलाचं मन ओळखायला पदवी लागत नाही. लक्ष लागतं, आणि पाहिलेलं लिहून ठेवायची सवय लागते.

आपल्याकडचा इतिहास मात्र उलट्या बाजूने चालला आहे. आपल्या सरकारी वॉर्डातून आई कधी बाहेर गेलीच नाही. ती पलंगाच्या कडेला झोपते, खाली चटई टाकते, नळी निघाली तर सिस्टरना हाक मारते, डबा भरवते. तिच्याशिवाय वॉर्ड चालणार नाही. इंग्लंडातल्या आयांना जे भांडून मिळवावं लागलं, ते आपल्या आयांकडे आधीच आहे. अडतं पुढे. तिला जवळ ठेवतात, पण विश्वासात घेत नाहीत. हातपाय धरायला बोलावतात आणि समजावून सांगायच्या वेळी बाहेर थांबा म्हणतात. म्हणून परदेशातली पुस्तकं जशीच्या तशी भाषांतरित करून आपलं भागणार नाही. त्यांची लढाई आईला आत घेण्याची होती. आपल्याला आत असलेल्या आईच्या हाती माहिती द्यायची आहे. अतिदक्षता विभाग आणि ऑपरेशन थिएटर यांची दारं मात्र आपल्याकडेही बंदच असतात. तिथे जुनी लढाई अजून व्हायची आहे. नवजात बाळांच्या विभागात आईबापांना काळजीत सहभागी करून घ्यावं, अशा मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने २०१७ साली काढल्या, ही त्यातली जमेची बाजू.

दुसरी परंपरा खेळाची. एमा प्लँक या व्हिएन्नात माँटेसरी पद्धत शिकलेल्या बाई अमेरिकेत गेल्या आणि १९५५ साली क्लीव्हलँडच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी मुलांसाठी खेळ, शिक्षण आणि मनाची तयारी यांची वेगळी व्यवस्था उभी केली. आज परदेशी बालरुग्णालयांत या कामासाठी प्रशिक्षित माणसं पगारावर नेमलेली असतात. बाहुलीला सलाईन लावून दाखवणं, मास्क हातात देऊन वास घ्यायला लावणं, सुई नसलेली सिरिंज पाण्याने भरून खेळायला देणं, ही त्यांची रोजची कामं. हे वाचताना मला सारखी ताराबाई मोडकांची आठवण येते. त्याच माँटेसरीचा धागा गिजुभाई बधेकांमार्फत भावनगरला आला, तिथून ताराबाईंनी तो उचलला, आणि १९४५ साली बोर्डीला त्यांनी गावातल्या, पाड्यांवरच्या मुलांसाठी साधनं स्वस्त आणि देशी करून बालशिक्षण सुरू केलं. पुढे कोसबाडला अनुताई वाघांनी ते आयुष्यभर चालवलं. मूल खेळातून शिकतं, त्याला महागडी साधनं लागत नाहीत, हे महाराष्ट्राने या दोघींकडून ऐकलं आणि अंगणवाडीत आणलंही. अंगणवाडीतून ते दवाखान्यापर्यंत न्यायचं राहून गेलं. भातुकलीच्या टोपलीत एक रिकामी सिरिंज आणि एक जुनं बँडेज ठेवलं, की मुलं आपणहून दवाखाना मांडतात. आपण शेजारी बसून बघितलं, की त्यांना नेमकी कशाची भीती वाटते, ते कळतं. ती भीती सहसा आपल्याला वाटते ती नसते.

तिसरी वाट मानसशास्त्राच्या प्रयोगांची. मेलमेड आणि सीगल या संशोधकांनी १९७५ साली अमेरिकेत साठ मुलांवर केलेला अभ्यास आजही सांगितला जातो. हर्निया, टॉन्सिल अशा ऑपरेशनसाठी आलेल्या या मुलांपैकी निम्म्या मुलांना, सात वर्षांचा एक मुलगा ऑपरेशनला सामोरा जातो अशी छोटी फिल्म दाखवली. उरलेल्यांना विषयाशी संबंध नसलेली फिल्म दाखवली. पहिल्या गटातली मुलं कमी घाबरली. त्या फिल्ममधला मुलगा शूर वगैरे नव्हता. त्याला भीती वाटत होती, तो तसं सांगत होता, आणि तरीही त्याने सगळं पार पाडलं. ज्याला भीती वाटते त्याच्याकडूनच मूल धीर शिकतं. 'वाघ आहेस ना तू?' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

नंतर २००७ साली झीव्ह केन या भूलतज्ज्ञांच्या गटाने दोन ते दहा वर्षांच्या चारशेवर मुलांवर अभ्यास केला. त्यातल्या एका गटाच्या आईबापांना आधीपासून शिकवलं होतं. घरी मास्कची सवय कशी करायची, भूल देताना काय बोलायचं, लक्ष दुसरीकडे कसं वळवायचं. या मुलांची भीती कमी झाली, त्यांना शुद्धीवर आल्यावर वेदनाशामक औषध कमी लागलं आणि ती लवकर घरी गेली. त्या पद्धतीतलं एक कलम आपल्याला चमत्कारिक वाटेल: वारंवार धीर देऊ नका. 'काही नाही होत, काही नाही होत' असं आई सारखं म्हणायला लागली, की मुलाला वाटतं, नक्की काहीतरी मोठं होणार आहे. एरवी ती असं कधी म्हणते?

वेदनेचं विज्ञान तर त्याहून उशिरा जागं झालं. तान्ह्या बाळाला दुखत नाही, दुखलं तरी लक्षात राहत नाही, अशा समजुतीने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत नवजात बाळांची ऑपरेशनं अगदी अपुऱ्या भुलीवर होत असत. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. कन्वलजित आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये केलेलं संशोधन १९८७ साली प्रसिद्ध झालं आणि ही समजूत ढासळली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली लसीकरणातली वेदना कमी करण्याबद्दल शिफारसी केल्या. बाळाला कुशीत धरावं, टोचताना किंवा टोचण्याआधी अंगावर पाजावं, मोठ्या मुलाला आडवं न पाडता बसवून टोचावं, एकाच वेळी अनेक लसी असतील तर जास्त दुखणारी शेवटी द्यावी, आणि खोटा दिलासा देणारी वाक्यं टाळावीत. यांतल्या कशालाही पैसे लागत नाहीत. तरीही आपल्याकडे चौघांनी मिळून मूल दाबून धरायचं, ही पद्धत सगळीकडे दिसते. घट्ट धरावं लागतं हे खरं आहे, पण आईच्या छातीशी धरलेलं मूल आणि टेबलावर उताणं दाबलेलं मूल, यांच्या आठवणी वेगळ्या असतात.

भारतात सुईची भीती मुलांच्या वाट्याला फार आधी आली. देवीची लस भारतात पहिल्यांदा टोचली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, अॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तिच्या दंडावरच्या फोडातून घेतलेली लस पुढच्या मुलांना टोचली गेली, आणि मुलाकडून मुलाकडे अशी ती देशभर पोचली. त्यानंतर दोनशे वर्षं सुईने मुलांना वाचवलं, आणि त्याच दोनशे वर्षांत आपण सुईचा धाक करून टाकला. 'जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील' हे वाक्य अजून घरोघरी ऐकू येतं. कुत्रं चावलं तर पोटात चौदा इंजेक्शनं, हे आईबाप अजूनही मुलांना सांगतात. ती जुनी लस आपल्या देशात २००५ सालापासून बंद आहे. आता दंडावर चार-पाच डोस मिळतात, जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत आणखी एक औषध टोचतात. धाकाने जेवण होत असेल, पण त्याची परतफेड पुढे दवाखान्यात करावी लागते.

मुलाला काय कळतं, हे वयावर अवलंबून असतं, आणि या पुस्तकात त्याचा विचार जागोजागी आहे. मला इथे एकाच वयाबद्दल थांबून बोलायचं आहे. साधारण तीन ते सहा. या वयात मुलाला प्रत्येक गोष्टीमागे स्वतःचीच करणी दिसते. आपण धाकट्या बहिणीला मारलं म्हणून आपला हात मोडला, आपण हट्ट केला म्हणून आपल्याला दवाखान्यात ठेवलं, असं ते मनोमन धरून बसतं. आपणही त्यात तेल ओततो. 'सांगत होते ना, बर्फाचा गोळा खाऊ नको, आता भोग.' या वयाच्या मुलाला सगळ्यात आधी सांगायची गोष्ट म्हणजे, हे तुझ्यामुळे झालेलं नाही. हे एकदा सांगून भागत नाही. 'तुला झोपवणार आहेत' हेही जपून बोलायला हवं. आजोबा झोपेतच गेले, हे त्याने घरात ऐकलेलं असतं. ही औषधाची झोप आहे, ऑपरेशन चालू असताना जाग येत नाही, काम झालं की डॉक्टर उठवतात, हे तिन्ही सांगावं लागतं.

मोठ्या मुलांची भीती वेगळी असते आणि मुलं ती सांगत नाहीत. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला ऑपरेशनपेक्षा कपडे कोण बदलणार, पाळी आली असेल तर काय, आत पुरुष असतील का, याची धास्ती असते. तिला हे विचारायची सोय करून द्यावी लागते, आणि ती शक्यतो वडिलांसमोर नको.

काही मुलांना मुळात बरं नसल्याचं वाटतच नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. तेव्हापासून अंगणवाडी आणि शाळांमधून मुलांची तपासणी होते, आणि हृदयातलं छिद्र, तिरळेपणा, ऐकू कमी येणं अशा गोष्टी मूल खेळत-बागडत असतानाच सापडतात. ही फार चांगली गोष्ट आहे. पण मुलाच्या बाजूने पाहा. त्याचं काही दुखत नाही, आणि एक दिवस कळतं की छाती उघडायची आहे. दुखणाऱ्या मुलाला उपचाराचं कारण ठाऊक असतं. याला ते पटवून द्यावं लागतं, आणि त्यासाठी आईबापांना आधी स्वतःला ते नीट समजावं लागतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसणाऱ्या ऑपरेशनला मंजुरी येईपर्यंत, किंवा मेडिक्लेमचं अप्रूव्हल येईपर्यंत, थोडा वेळ जातो. तो कागदांच्या धावपळीत संपतो. याच वेळात मुलाशी बोलायला हवं. योजनेच्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसलेले असतात. कागद समजावताना त्यांनी 'मुलाला सांगितलंत का?' एवढं एक वाक्य विचारलं तरी फरक पडेल.

पिंपरी कॅम्पाचा उल्लेख केल्याशिवाय या भागाबद्दल लिहिणं पुरं होणार नाही. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं इथे येऊन वसली, आणि सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक सरासरीपेक्षा जास्त आढळतात. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, तेही वर्षानुवर्षं. अशा मुलाची तयारी एकदाच करून भागत नाही. त्याच्या हाताच्या शिरा त्याला इतरांपेक्षा जास्त ठाऊक असतात. कुठली शीर आज मिळेल हे ते सिस्टरना सांगू शकतं, आणि ते ऐकलं गेलं तर त्याचा स्वतःच्या शरीरावरचा हक्क शाबूत राहतो. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९२ साली शिक्कामोर्तब केलं. स्वतःशी संबंधित बाबतीत मुलाचं म्हणणं ऐकलं जावं, हे त्या करारात लिहिलेलं आहे. मला वाटतं, त्याचा खरा कस रक्त चढवण्याच्या खोलीत लागतो.

या विचाराच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तयारी केली म्हणून दुखायचं थांबत नाही. बधिर करणारं मलम असेल तर ते मागावं. त्याला चढायला तासभर लागतो, म्हणून आधी मागावं. बोलून होतंय म्हणून औषधाची काटकसर करणं हा अन्याय आहे. अपघात, भाजणं, झटका अशा वेळी तयारीला वेळच नसतो. तिथे तीनच वाक्यं पुरतात: आता काय होणार, तुला कसं वाटेल, मी कुठे असेन. काही मुलांना सगळं तपशिलात हवं असतं, काही मुलं कान झाकून घेतात. कान झाकणाऱ्याच्या मागे माहिती घेऊन लागू नये. स्वमग्न किंवा ऐकू न येणाऱ्या मुलासाठी चित्रं, आधी एकदा जागा दाखवून आणणं आणि ठरलेला क्रम न मोडणं, हे लागतं. त्यासाठी रुग्णालयाने वेळ द्यायला हवा. आणि जिथे एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड आहे, तिथे सगळा भार आईबापांच्या समजूतदारपणावर टाकून व्यवस्थेने मोकळं व्हावं, असं या पुस्तकाचं म्हणणं मुळीच नाही. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात हे काम नेमून दिलेलं माणूस असायला हवं, आणि ही मागणी इथल्या कामगार संघटनांनीही करायला हवी.

पुस्तकात लहान लहान प्रकरणं आहेत. कंपनीच्या बसमध्ये उभ्याने वाचता येतील, एवढी. भाषा घरातली आहे. कुठलं ऑपरेशन करावं, कुठल्या डॉक्टरांकडे जावं, याची चर्चा त्यात नाही. ते ठरल्यानंतर सुरू होणाऱ्या तासांबद्दल ते बोलतं. उपाशी का ठेवतात आणि किती वेळ, हे त्यात आहे. जेवण सहा तास आधी, आईचं दूध चार तास आधी, पाणी दोन तास आधीपर्यंत, हा सर्वसाधारण नियम मुलाला कसा सांगायचा आणि त्या वेळात समोर बसून स्वतः वडापाव का खायचा नाही, हेही आहे. एमआरआयच्या आधी घरी 'स्टॅच्यू' कसा खेळायचा, सलाईनसाठी उजवा की डावा हात हे मुलाला निवडू द्यायचं पण 'टोचू का?' असं विचारायचं नाही, घरी परतल्यावर मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं तर काय समजायचं, अशा गोष्टी त्यात भेटतील. वडिलांसाठी मुद्दाम लिहिलेला मजकूर आहे, आणि तो मला या पुस्तकातला सगळ्यात गरजेचा भाग वाटतो. रडणं म्हणजे मुलगी असणं, ही शिकवण मुलांना बहुधा बापाकडूनच मिळते. मग ती मोडायलाही बापच लागतो.

ज्यांच्या मुलाची तारीख ठरली आहे, त्यांनी ही प्रस्तावना मागे ठेवून आपल्या गरजेचं पान उघडावं. वाचून झालं, की मुलाजवळ बसावं आणि काही सांगण्याआधी त्यालाच विचारावं, 'आपण कशासाठी जाणार आहोत, तुला काय वाटतं?' उत्तर पुरतं ऐकून घ्यावं. डॉक्टरांना, सिस्टरना, वॉर्डातल्या मावशींना आणि आरोग्यमित्रांना विनंती एवढीच आहे, की पुढच्या वेळी फॉर्मवर सही घेताना आईबापांना खुर्ची द्या, आणि मुलाला काय सांगायचं हे त्यांच्याबरोबर ठरवून मगच त्यांना बाहेर पाठवा.